पाय कोणी कापले? नंदनपक्ष्यांच्या इतिहासातली एक व्यापारी गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण लवंग आणि जायफळ यांच्या व्यापाराबद्दल बोललो. शेवटी प्रश्न आला होता की त्या मोलुक्का बेटांवरून मसाल्यांखेरीज आणखी काय काय यायचं. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आटोपण्यासारखं नव्हतं, म्हणून आज त्यातल्या एकाच मालाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं. तो माल म्हणजे एक पक्षी. इंग्रजीत त्याला बर्ड ऑफ पॅरडाइज म्हणतात. नर्सरीत याच नावाचं एक केशरी फूल मिळतं, ते वेगळं. आणि आपल्या सह्याद्रीत लांब पांढऱ्या शेपटीचा जो स्वर्गीय नर्तक दिसतो, तोही वेगळा. त्याच्या शास्त्रीय नावात 'पॅराडिसी' आहे खरं, पण तो या कुळातला नाही. घोटाळा नको म्हणून आम्ही आज याला नंदनपक्षी म्हणू.

सुरुवात गोव्यापासून करू. १५८३ साली यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन नावाचा विशीतला एक डच तरुण गोव्यात उतरला. तिथल्या आर्चबिशपच्या पदरी तो चिटणीस होता आणि पाचेक वर्षं राहिला. डोळे उघडे, कान उघडे आणि टिपणं काढायची सवय, असा माणूस. परत गेल्यावर १५९६ मध्ये त्यानं 'इटिनेरारिओ' हे जाडजूड पुस्तक छापलं. गोव्याचे बाजार, आंबे, फणस, जहाजांचे मार्ग, सगळं त्यात आहे. त्यातच तो या पक्ष्याबद्दल लिहितो. पोर्तुगीज लोक याला सूर्यपक्षी म्हणतात. हा सदैव हवेत असतो, सूर्याकडे तोंड करून. जिवंत कोणी पाहिलेला नाही. मेल्यावरच तो जमिनीवर पडतो. कारण त्याला पाय नाहीत आणि पंखही नाहीत.

आता हे वाचून हसू येतं. पण लिन्सखोटेन काही भोळसट नव्हता. आपल्या म्हणण्याला तो पुरावा देतो. हिंदुस्थानात जे पक्षी आणले जातात ते पाहा, म्हणतो, त्यांना पाय नसतातच. आणि ते खरंच होतं. गोव्यापर्यंत जे कातडं यायचं त्याला पाय नसायचे. म्हणजे पुरावा चोख, निष्कर्ष साफ चुकीचा. आजचं व्याख्यान या एका गोष्टीभोवती आहे: पाय गेले कुठं, आणि ते परत सापडायला इतकी वर्षं का लागली?

यासाठी साठेक वर्षं मागं जाऊ. मॅजेलनची पृथ्वीप्रदक्षिणा आपल्याला शाळेपासून माहीत असते. मॅजेलन स्वतः एप्रिल १५२१ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. उरलेली जहाजं नोव्हेंबरात तिदोर बेटाला लागली. तिथं लवंगा भरणं चालू असताना शेजारच्या बाचान बेटाच्या राजानं स्पेनच्या राजासाठी भेट दिली, ती दोन मेलेल्या, फार सुंदर पक्ष्यांची. 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला परतलं, त्यावर अठरा माणसं उरली होती. त्यांतला अंतोनियो पिगाफेत्ता हा इटालियन माणूस रोज टिपण ठेवायचा. त्यानं या पक्ष्यांचं स्थानिक नाव लिहून ठेवलं, 'बोलोन दिवाता', म्हणजे देवाचे पक्षी.

हे 'दिवाता' कुठून आलं, तुम्ही ओळखलं असेलच. आपलं 'देवता'. मलायी मुलखात संस्कृत शब्द शेकडो वर्षं आधीच पोचले होते. तिथं 'मानुक देवाता' म्हणजे देवतांचा पक्षी. युरोपात त्याचं झालं 'मॅनुकोडियाटा', आणि आजही या कुळातल्या एका गटाचं शास्त्रीय नाव 'मॅनुकोडिया' असंच आहे. म्हणजे लॅटिनच्या वेषात एक 'देवता' पक्षिशास्त्राच्या पुस्तकात बसून आहे.

पण पिगाफेत्ताच्या टिपणात आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो लिहितो की या पक्ष्यांचे पाय वीतभर लांब आणि लेखणीसारखे बारीक असतात. पाय! ज्यानं पहिल्यांदा या पक्ष्याचं वर्णन केलं, त्यानं पाय असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मग बिनपायांची कथा आली कुठून?

ती आली राजदरबारातून. सम्राट पाचव्या चार्ल्सचा चिटणीस मॅक्सिमिलियानस यानं परतलेल्या खलाशांना विचारून एक वृत्तांत लिहिला, तो १५२३ मध्ये छापला गेला. त्यात हा पक्षी कधीच जमिनीला किंवा झाडाला टेकत नाही असं आलं. तो अंगावर असला की लढाईत इजा होत नाही अशी तिथल्या राजांची श्रद्धा, हेही आलं. ही पुस्तिका गाजली. पुढं सोळाव्या शतकभर विद्वान त्यात भर घालत गेले. पक्षी दवावर जगतो. नराच्या पाठीवर खळगा असतो, त्यात मादी अंडी घालते, आणि दोघं उडता उडताच ती उबवतात. शेपटीत ज्या दोन तारा दिसतात त्या फांदीला गुंडाळून तो लटकतो. एकदा पाय नाहीत हे मान्य केलं की बाकीचं तर्कानं येतंच, नाही का? १५९९ मध्ये बोलोन्याच्या आल्द्रोवांदीनं, जो त्या काळातला मोठा पक्षितज्ज्ञ, पिगाफेत्तालाच चुकीचा ठरवलं. जो माणूस त्या बेटांवर जाऊन आला तो खोटा, आणि ज्याच्यासमोर टेबलावर कातडं पडलंय तो खरा. यात आल्द्रोवांदीला दुष्ट ठरवायचं कारण नाही. हातात असलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा की कोणा प्रवाशाच्या शब्दावर, हा प्रश्न संशोधकाला आजही पडतो.

आता पाय कोण कापत होतं ते पाहू. नंदनपक्ष्यांचं घर म्हणजे न्यू गिनी, त्याभोवतीची बेटं, मोलुक्कांतली थोडी बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा. न्यू गिनीच्या नैऋत्येला आरू बेटं आहेत. तिथले लोक पक्षी मारल्यावर पंख आणि पाय कापून टाकत, कातडं चोचीपर्यंत सोलून काढत, कवटीही काढून टाकत, मग आत एक काडी घालून, पानांत गुंडाळून झोपडीतल्या धुरावर ते वाळवत. का? कारण गिऱ्हाईकाला हवे असायचे ते तुरे. पाय ठेवले तर मांस राहतं, कीड लागते. माशांचं सुकट करताना आपल्याकडेही नको तो भाग काढतातच की. यात गूढ काही नव्हतं. असं वाळवलेलं कातडं मग या बेटावरून त्या बेटावर, व्यापाऱ्यामागून व्यापारी करत मलाक्क्याला, गोव्याला, चीनला जायचं. हा व्यापार युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. अगदी नेपाळच्या राजांच्या श्रीपेच या मुकुटावर जो तुरा आहे, तोसुद्धा नंदनपक्ष्याचाच.

म्हणजे ज्यांनी पाय कापले त्यांना ठाऊक होतं की पाय असतात. मधल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते सांगायची गरज नव्हती. आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला जी वस्तू मिळाली, तिलाच त्यानं पक्षी समजलं. विचारलं असतं तर आरूच्या एखाद्या पोरानंही सांगितलं असतं. विचारायला तिथवर कोणी गेलंच नव्हतं.

कथा कळल्यावरही नाव बदललं नाही, हा पुढचा भाग. १६०५ मध्येच क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञानं लिहून ठेवलं होतं की पाय असलेले नमुने हॉलंडमध्ये येऊन पोचलेत. तरी १७५८ मध्ये लिनियसनं यातल्या मोठ्या पक्ष्याला नाव दिलं 'पॅराडिसिया अपोडा', बिनपायांचा स्वर्गपक्षी. नामकरणाच्या नियमाप्रमाणे पहिलं नाव टिकतं, त्यामुळं आजही त्याचं नाव तेच आहे. दणकट पायांचा, कावळ्याएवढा पक्षी आणि नाव अपोडा.

कावळ्याएवढा हे उगीच म्हटलं नाही. नंदनपक्षी हे खरोखरच कावळ्याचे नातलग. कुळात चाळीसहून थोड्या अधिक जाती आहेत. फळं आणि किडे खातात. त्यांच्या पोटातून जंगलातल्या झाडांच्या बिया दूरवर पडतात, त्यात रानजायफळाच्या जातभाईही आल्या. न्यू गिनीत माकडं नाहीत, मांजरकुळातले शिकारी नाहीत. फळं भरपूर. त्यामुळं बहुतेक जातींत मादी एकटीच घरटं बांधते, एकटीच पिल्लं वाढवते. नराला घरी कामच नाही. मग तो करतो काय, तर नाचतो. मादी पाहते, तुलना करते, आणि निवडते. पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनी जे निवडलं, ते आज आपल्याला नरांच्या अंगावर दिसतं. तपकिरी, साधी दिसणारी मादी हीच खरी या सगळ्या रंगाची कर्ती.

मोठ्या नंदनपक्ष्यात अनेक नर एकाच झाडावर फड जमवतात. त्यांचे ते पिवळे तुरे शेपटीचे नसतात, ते पंखांखालून, बगलेतून येतात आणि नाचताना पाठीवर कारंज्यासारखे उसळतात. पॅरोटिया नावाच्या जातीतला नर जंगलातली जमीन झाडून साफ करतो, पान पान उचलून टाकतो, आणि मग झगा घातल्यासारखी पिसं पसरून गोल नाचतो. काही जातींची काळी पिसं इतकी काळी की २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांवर पडलेला ९९.९५ टक्क्यांपर्यंत प्रकाश ती शोषून घेतात. त्या काळोखाच्या कडेला एखादा निळा पट्टा दिवा लावल्यासारखा दिसतो. आणि गंमत म्हणजे ज्यांच्या नावात 'देवता' आहे ते मॅनुकोडिया अगदी साधे, चकाकत्या काळ्या रंगाचे. तिथं नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लं दोघं मिळून वाढवतात, नाचाची फार हौस नाही. संसारी पक्षी!

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. नराला पूर्ण तुरे यायला पाच-सहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर तो मादीसारखाच तपकिरी दिसतो.

जंगलात जिवंत नंदनपक्षी पाहणारा पहिला युरोपीय निसर्गतज्ज्ञ म्हणजे फ्रेंच जहाजावरचा रेने लेसाँ, साल १८२४. पहिली कातडी युरोपात पोचल्यानंतर तीनशे वर्षांनी. त्याच्यावर आम्ही वेळ घालवत नाही, कारण आपल्याला आल्फ्रेड रसेल वॉलेसकडं जायचंय.

वॉलेस जानेवारी १८५७ मध्ये आरू बेटांवर पोचला. तोच, ज्यानं वर्षभरानंतर डार्विनला ते प्रसिद्ध पत्र पाठवलं. काही आठवड्यांनी त्याच्याबरोबरच्या बादेरून नावाच्या पोरानं एक पक्षी मारून आणला: राजनंदनपक्षी, लाल मखमलीसारखा, शेपटीच्या दोन तारांच्या टोकाला हिरवी वेटोळी. वॉलेस आनंदानं वेडा व्हायचा बाकी. आणि आसपासची माणसं? ती हसायला लागली. त्यांच्या लेखी तो रोजचा 'गोबी-गोबी'. आपल्याकडं कोणी साहेब चिमणी हातात घेऊन नाचायला लागला तर जसं वाटेल तसं.

मोठ्या पक्ष्याची शिकार कशी होते तेही त्यानं लिहिलंय. नाचाचं झाड हेरून शिकारी त्यावर पानांचं छोटं खोपटं करतो, पहाटेआधी त्यात जाऊन बसतो. बाणाच्या टोकाला लाकडी गोंडा असतो, म्हणजे पक्षी बेशुद्ध होऊन पडतो, रक्त लागून पिसं खराब होत नाहीत. खाली एक पोरगा उभा असतो, तो पडलेला पक्षी मारतो. नाचात गुंग झालेल्या बाकीच्या नरांना बराच वेळ काही कळतही नाही.

इथलाच आणखी एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. गावातल्या लोकांना प्रश्न पडला की हा माणूस इतके पक्षी, किडे, फुलपाखरं जपून डब्यांत का भरतोय. वॉलेसनं सांगितलं, आमच्या देशातले लोक ती पाहायला येतात. ते कोणाला पटलं नाही. एका म्हाताऱ्यानं स्वतःच उलगडा केला: समुद्रापलीकडं गेलं की ती सगळी पुन्हा जिवंत होतात, बरोबर ना? बघा आता. युरोपच्या विद्वानांनी मेलेलं कातडं पाहून बिनपायांचा स्वर्गीय पक्षी रचला, आणि आरूच्या म्हाताऱ्यानं डबे पाहून मेलेले पक्षी उठवणारा साहेब रचला. दोघांनाही व्यापाराच्या दोरीचं फक्त आपल्याकडचं टोक दिसत होतं.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८५८ मध्ये, वॉलेस बाचान बेटावर गेला. हो, तेच बेट, ज्याच्या राजानं ते दोन पक्षी भेट दिले होते. तिथं त्याचा मदतनीस अली, मूळचा सारावाकचा, एक विचित्र पक्षी मारून घेऊन आला: खांद्यांतून लांब पांढरी पिसं झेंड्यासारखी निघालेली. विज्ञानाला नवीनच जात. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ग्रे यांनी त्याला नाव दिलं 'वॉलेसी'. सापडला अलीला, नाव वॉलेसचं. वॉलेसनं स्वतःच्या पुस्तकात अलीचं श्रेय लपवलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण नावाच्या पाटीवर अली नाही. या कुळातल्या कितीतरी पक्ष्यांना युरोपातल्या राजे-राजपुत्रांची नावं आहेत, ज्यांनी न्यू गिनीचा किनाराही पाहिला नाही. त्याला कंटाळून की काय, १८५० मध्ये नेपोलियनच्या पुतण्यानं, शार्ल ल्युसियाँ बोनापार्टनं, एका जातीला मुद्दाम नाव दिलं 'रेस्पुब्लिका', प्रजासत्ताक. बोनापार्ट घराण्यातला माणूस, आणि राजे नकोत म्हणतो!

वॉलेसच्या परतीच्या प्रवासात आपली मुंबई येते. १८६२ मध्ये सिंगापुरात त्याला लहान नंदनपक्ष्याचे दोन जिवंत नर विकत मिळाले, शंभर पौंडांना, त्या काळी मोठीच रक्कम. ते स्वतः सांभाळत लंडनला न्यायचे असं त्यानं ठरवलं. वाटेत तो आठवडाभर मुंबईत उतरला, विश्रांतीला आणि पक्ष्यांसाठी केळी भरून घ्यायला. केळी मिळाली, पण झुरळांची पंचाईत. बोटीवर झुरळं फारच कमी, म्हणून हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ रोज रात्री तासभर बोटीच्या पुढच्या भागात झुरळं पकडत फिरायचा. माल्टात एका बेकरीत ती मुबलक मिळाली, तेव्हा त्यानं बिस्किटांचे डबे भरून घेतले. पक्षी लंडनला सुखरूप पोचले. तिथल्या प्राणिसंग्रहालयात एक वर्षभर आणि दुसरा दोन वर्षं जगला. बिनपायांचा म्हणून साडेतीनशे वर्षं गाजलेला पक्षी आता लंडनकरांसमोर फांदीवर पाय रोवून नाचत होता.

इथं गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. झालं उलट. पक्षी कुठं राहतो, कधी नाचतो, कसा मारायचा, हे एकदा माहीत झालं आणि त्याच सुमाराला बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन आली. आगबोटी आल्या, बंदुका आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला न्यू गिनीतून दर वर्षी हजारोंनी कातडी लंडन, पॅरिस आणि ॲमस्टरडॅमच्या लिलावांत जात होती. आता पायांची चौकशी कोणीच करत नव्हतं.

विरोधही तिथंच उभा राहिला. मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी १८८९ मध्ये पिसं न वापरणाऱ्या स्त्रियांची संघटना काढली. आज ती ब्रिटनमधली पक्षिरक्षणाची सर्वात मोठी संस्था आहे. ब्रिटिश हिंदुस्थानानं १९०२ मध्येच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती. अमेरिकेनं १९१३ मध्ये रानपक्ष्यांच्या पिसांची आयात बंद केली. खुद्द ब्रिटननं मात्र १९२१ मध्ये कायदा केला. वसाहतीला एक नियम आणि लंडनच्या बाजाराला दुसरा, हे एकोणीस वर्षं चाललं.

पक्षी संपले कसे नाहीत? मघाशी सांगितलं ते आठवा. तुरे असलेले वयस्क नरच मारले जात. तपकिरी तरुण नर आणि माद्या यांना बाजारात भाव नव्हता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि तुरे यायच्या आधीही नराला प्रजनन करता येतं. कायद्यापेक्षा त्या साधेपणानंच जात तगली असं आमचं मत आहे. पक्षी कायमचा संपेल या भीतीनं सर विल्यम इंग्राम या वृत्तपत्रमालकानं १९०९ मध्ये आरूचे चाळीसहून अधिक पक्षी पार कॅरिबियनमधल्या लिटल टोबॅगो बेटावर नेऊन सोडले. तिथं ते काही दशकं राहिले. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळानंतर थोडेच उरले, पुढं तेही गेले. आरूवर मात्र ते अजून आहेत.

पण शिकारीत जो साधेपणा उपयोगी पडला, तो झाडंच गेली तर उपयोगाचा नाही. नाचाचं झाड ठरलेलं असतं, नर पिढ्यान्‌पिढ्या तिथंच येतात. २०१० नंतर आरू बेटांच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर उसाची लागवड करायची योजना पुढं आली. ऊस म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. जंगल तोडून उसाचे फड, कारखाने, पाण्याचा उपसा. आरूच्या गावकऱ्यांनी, तिथल्या धर्मगुरूंनी आणि विद्यार्थ्यांनी याविरुद्ध मोहीम उभी केली. या वेळी ते बोलले आणि जगानं ऐकलं. २०१४ मध्ये इंडोनेशियाच्या वनमंत्र्यांनी ती योजना सोडून दिल्याचं जाहीर केलं.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय, आधी त्यांचा घेऊ.